काच फोडण्यापूर्वीं

भिवंडीजवळच्या दापोडे गांवीं आतां गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मागें एकदां तेथून जातांना एका बंद गोदामाच्या रखवालदारास, "आंत काय आहे?" असें आम्हीं सहज विचारलें. "माल आहे, साहेब," एवढेंच उत्तर मिळालें. त्यांत उद्धटपणा मुळींच नव्हता. बिचाऱ्यास खरोखरीच ठाऊक नव्हतें. आम्हांस मात्र मुंबईच्या गोदींतील एक जुनी हकीकत आठवली.

मोठ्या शहरांत पूर्वीं रस्त्यांवर आगीचा इशारा देणाऱ्या पेट्या असत. १८५२ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरांत तारायंत्राच्या साह्यानें ही योजना अमलांत आली, आणि पुढें मुंबईपर्यंत पोंचली. हांक मारणारा राव कीं रंक, हें ती पेटी विचारीत नसे. तिचा हा समदर्शीपणा आम्हांस फार मोठा वाटतो. पण काय जळत आहे, हेंही तिला सांगतां येत नसे. 'येथें या', एवढेंच तिचें बोलणें.

१४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर आग लागली. जहाजांत कापसाच्या गासड्या होत्या, आणि सुमारें १,४०० टन स्फोटकें व दारूगोळा. धोक्याचें तांबडें निशाण मात्र वर चढविलेलें नव्हतें. दूरध्वनीनें काम साधेना, तेव्हां पेटीची काच फोडली गेली. आणि तिच्या मुक्या हांकेस नेहमीचे दोनच बंब निघाले. अधिक कुमक मागाहून आली. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, कांहीं वेळानें दुसरा. अग्निशामक दलाचीं ६६ माणसें त्या दिवशीं गेलीं.

युद्धकाळीं असें निशाण म्हणजे शत्रूस दाखविलेली खूण, हा बचाव अगदींच पोकळ नाहीं. शिवाय, जहाजांत काय आहे तें बंबवाल्यांस तेथें पोंचल्यावर कळलें, तरी ते हटले नाहींत. मग आधीं सांगून काय फरक पडला असता, असें कोणी विचारील. बंब अधिक आले असते, हें तर झालेंच. पण आमच्या मतें प्रश्न त्याहून खोल आहे. जाणून पत्करलेल्या संकटास आपण धैर्य म्हणतों. ज्यास आपण आगींत बोलावतों त्याच्यापासून आगीचें स्वरूप लपविणें म्हणजे त्याचा प्राण पणास लावतांना त्याची संमतिही न विचारणें होय. आपला माल वाचविण्यास परक्यानें यावें असें ज्यास वाटतें, त्याच्यावर तो माल काय आहे हें सांगण्याचें ऋण आग लागण्यापूर्वींच असतें. भिवंडीच्या परिसरांतून रसायनांच्या गोदामांना लागलेल्या आगींच्या वार्ता आजही येतात, आणि बंब आजही जातात.

परवां पुन्हा दापोड्यास जाणें झालें. त्या गोदामाच्या दारावर नवी पाटी दिसली म्हणून आम्हीं मुद्दाम थांबून वाचली. 'धूम्रपानास मनाई आहे', एवढेंच तीवर होतें.