किनाऱ्यावरचे भाडे आणि जमिनीची मालकी

कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ हे माँटेरे उपसागराच्या उत्तर टोकाचे शहर. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर; 1965 पासून विद्यापीठ, आणि डोंगरापलीकडे सिलिकॉन व्हॅलीचे पगार. 2023 मध्ये अमेरिकेतील सर्वांत महाग भाड्याचा परिसर म्हणून त्याची नोंद झाली. दोन बेडरूमचे घर परवडायला तासाला 63 डॉलरहून अधिक कमाई लागे. भाडेनियंत्रणाचा प्रस्ताव मात्र मतदारांनी 2018 मध्येच फेटाळला होता.

इथे नीतीचा जुना प्रश्न उभा राहतो. घर माणूस बांधतो. समुद्रकिनारा कोणी बांधला? जॉन लॉकने श्रमातून मालकी सिद्ध केली, पण इतरांसाठी तितकीच चांगली जमीन उरावी, अशी अटही घातली. किनाऱ्यावर ती अट पाळणेच अशक्य. कॅलिफोर्नियातच राहणाऱ्या हेन्री जॉर्जने 1879 मध्ये मांडले की जमिनीचे मोल समाजाच्या वस्तीने वाढते, म्हणून ती वाढ कररूपाने समाजाकडे परतावी. बायबलमधील लेवीय ग्रंथात जमीन ईश्वराची आणि माणूस तिथला उपरा. ईशोपनिषदही त्यागपूर्वक भोग सांगते. विनोबांनी 1951 मध्ये भूदान सुरू केले, ते याच श्रद्धेतून.

भाडे गोठवले की दुरुस्ती थांबते, हा आक्षेप खरा आहे; मुंबईतल्या पागडीच्या इमारती त्याची साक्ष देतात. पण त्यातून नियंत्रणाच्या पद्धतीतला दोष दिसतो, मालकाचा अमर्याद हक्क सिद्ध होत नाही. शिकवणाऱ्या, रांधणाऱ्या, रुग्णसेवा करणाऱ्या माणसांमुळे शहराच्या जमिनीला किंमत येते; त्यांनाच बाहेर काढणारे भाडे अन्याय्य आहे.