दुसरा स्पर्श



बेथसैदा येथील आंधळ्यावर प्रभू येशूने हात ठेवले, तेव्हा त्याला माणसे दिसली खरी, पण चालत्या झाडांसारखी. प्रभूने पुन्हा हात ठेवले, मग त्याला सारे स्वच्छ दिसू लागले (मार्क 8:22-25). अजून अंधुक दिसते असे सांगितल्याबद्दल प्रभू त्याला रागावला नाही.

मेंदूतील कोलॉइड सिस्ट ही गाठ कर्करोगाची नसते. परंतु ती मेंदूतील पाण्याची वाट अडवते. मग डोके दुखते, उलट्या होतात, कधी जिवावरही बेतते. शस्त्रक्रियेने गाठ काढली की आपण म्हणतो, “सुटला, बरा झाला.” पण या गाठीला लागूनच स्मरणाच्या कामातले नाजूक तंतू असतात. म्हणून काही रुग्णांना सकाळी कोण भेटून गेले तेही आठवत नाही. अनेकांची स्मृती काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारते, थोड्यांची अधू राहते. थकवाही लवकर येतो.

1975 साली ग्लासगोच्या जेनेट आणि बॉन्ड या डॉक्टरांनी मेंदूला इजा झालेल्यांसाठी एक मोजपट्टी मांडली. माणूस घरात व समाजात स्वतःचे किती करू शकतो, हे ती पाहते. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे सर्व झाले असे नाही.

पहिला स्पर्श डॉक्टरांच्या हातून होतो. दुसरा आपल्या हातून व्हायचा असतो. रुग्णाने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तर तिसऱ्यांदाही शांतपणे उत्तर द्यावे. रोजच्या कामांची वही त्याच्या हाताशी ठेवावी. फिटच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. डोकेदुखी वाढली, उलट्या, गुंगी वा ताप आला, जखमेतून पाणी आले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. भेटायला जाणाऱ्यांनी थोडाच वेळ बसावे. “मला ओळखलंस का?” अशी परीक्षा घेऊ नये, आपले नाव आपणच सांगावे.

आणि ज्याची स्मृती पूर्ण परत येत नाही, तो कमी झाला काय? नाही. देवाने आपल्याला स्वतःच्या तळहातावर कोरून ठेवले आहे, असे यशया संदेष्टा सांगतो (49:16). आपण विसरलो तरी तो विसरत नाही.

मिस्साच्या वेळी असा एखादा बंधू प्रार्थनेत मध्येच अडखळला, तर शेजारच्याने वळून पाहू नये. तीच प्रार्थना जरा मोठ्याने म्हणावी.

प्रभू आपल्या हातांना तो धीर देवो. आमेन.