प्रसाद रांधणाऱ्याचं नाव

देवाच्या प्रसादाची सरकारदरबारी नोंद करावी का, यावरून गेल्या वर्षी सप्त्याच्या बैठकीत आमच्या गावात दोन तट पडले. मी घरी मेतकूट, भाजणी, दिवाळीचा फराळ करून विकते आणि त्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी केलेली आहे. म्हणून समितीतल्या एका पोराने मला विचारलं, "वहिनी, सप्त्याला पण ते लायसन लागतं का?" मी म्हटलं, लागतं. त्यावर आबा म्हणाले, "अगं सूनबाई, आपण काय हॉटेल टाकलंय? पांडुरंगाचा प्रसाद आहे. त्याला कुणाची परवानगी?" आबांनी उभ्या आयुष्यात एकादशी मोडलेली नाही. त्यांच्यापुढे सगळे गप्प झाले.

आबांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पैसे घेऊन दिलेलं अन्न हा व्यवहार आणि हात जोडून वाढलेलं अन्न हा धर्म, ही रेघ आपल्याकडे जुनी आहे. व्यवहारावर राजाने नजर ठेवावी, धर्मावर का ठेवावी? शिवाय दान गुप्त असावं म्हणतात, आणि अर्जात तर आधी नावच लिहायचं.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 यात अन्नव्यवसाय नफ्यासाठी असो वा नसो, तो अन्नव्यवसायच धरला आहे. 2011 च्या नोंदणीच्या नियमांत फेरीवाले आणि टपरीवाले यांच्या बरोबरीने धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाराही मोडतो. पण आबांनी कायदा विचारला नव्हता. त्यांनी धर्म विचारला होता, आणि त्याचं उत्तर कलमांत मिळत नाही.

मला ते पंगतीत बसणाऱ्याकडे पाहून मिळालं. हॉटेलात माणूस भाजीचा वास घेतो, ताट परत पाठवतो, नाही आवडलं तर उठून जातो. प्रसादाला असं कुणी करत नाही. आधी कपाळाला लावायचा, मग तोंडात घालायचा. जरा आंबूस लागला तरी गिळायचा, कारण पानात टाकणं पाप. लेकरांनाही आपण हेच शिकवतो. श्रद्धेने जेवणारा माणूस पारखून घेण्याचा आपला हक्क देवाच्या पायाशी ठेवून जेवतो. मग तो हक्क जातो कुठे? माझ्या मते तो रांधणाऱ्याच्या डोक्यावर कर्तव्य होऊन बसतो, सगळाच्या सगळा. माझ्याकडून मेतकूट घेणारी बाई पुडीवरची तारीख तरी वाचते. पंगतीतला वारकरी काही विचारत नाही. म्हणून विकण्यापेक्षा वाढण्याची जबाबदारी जड आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी, सप्त्यात एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. दवाखान्यात जागा पुरेना, तेव्हा झाडांना दोर बांधून सलाइनच्या बाटल्या अडकवल्या आणि माणसांना उघड्यावरच निजवलं. बैठकीत मी तेच सांगितलं. तिथल्या रांधणाऱ्यांची भक्ती आपल्याहून कमी होती, असं म्हणायची कुणाची छाती आहे? खाणाऱ्यांची कमी होती? भगरीला ओल लागली की बुरशी धरते, तिच्या पिठाला तर फार लवकर. शिजवून तसंच ठेवलेल्या अन्नात तासागणिक जंतू वाढत जातात, मग वर तुळशीपत्र असो वा नसो. "देवाचं बाधत नाही" हे खाणाऱ्याने म्हणावं, तो त्याचा भाव. रांधणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात आहार, यज्ञ, तप आणि दान एकापाठोपाठ येतात. शिजून वेळ उलटलेलं, वास मारणारं अन्न तिथे तामस ठरवलं आहे, आणि पुढे देश, काल, पात्र पाहून दिलेल्या दानाला सात्त्विक म्हटलं आहे. दान सात्त्विक आणि त्यातलं अन्न तामस, असं पान विठोबापुढे कसं मांडायचं? तैत्तिरीय उपनिषदात तर दान कसं द्यावं ते सांगताना श्रद्धेबरोबर भयही सांगितलं आहे. टोपातली आमटी शेकडो पानांत जाताना पाहिली की ते भय मला पोटात जाणवतं. ही सगळी पोरं उद्या सकाळी धड उठतील ना?

राहिला नावाचा प्रश्न. देवळात पंखा दिला तर पात्यावर नाव, बाक दिला तर पाठीवर नाव. ते नाव मानासाठी असतं आणि त्याने अहंकार वाढतो, हे आबांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण अर्जावरच्या नावाने कुणाला मान मिळत नाही. काही विपरीत झालं तर पुढे होऊन "मी उत्तर देतो" म्हणणाऱ्याचं ते नाव. पैशाचं दान खुशाल गुप्त असावं. अन्न देणारा निनावी राहिला, तर रात्री उलट्या करणाऱ्या लेकराच्या आईने विचारायचं कुणाला?

आणखी एक गोष्ट माझ्या मनात बरेच दिवस घोळते आहे. आमच्या आजेसासूबाईंचं सोवळं कडक होतं. आंघोळ, धुतलेलं वस्त्र, बांधलेले केस, यात शहाणपण होतंच. पण चुलीपाशी कुणी यायचं नाही, हेही त्यात जन्मावरून ठरलेलं होतं. नोंदणीच्या अर्जात पाणी कुठलं, वीज वापरता का, काम हंगामी असेल तर कधीपासून कधीपर्यंत, असं विचारतात. जात विचारत नाहीत. स्वच्छतेच्या नियमांत चुलीपासून लांब ठेवलं आहे ते साथीचा आजार असलेल्याला आणि हातावर उघडी जखम असलेल्याला. ज्याच्या दाराबाहेर चोखोबांना राहावं लागलं, त्या विठोबाच्या प्रसादाला हेच सोवळं साजतं.

तालुक्याच्या सेवा केंद्रात अर्ज भरला. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, वर्षाला 100 रुपये फी. चौदा अंकी क्रमांक मिळाला. नाव अध्यक्षांचं नको, जो रात्रभर चुलीशी जागतो त्याचं हवं, असा हट्ट मी धरला, तेव्हा माझंच नाव घातलं. आबांना हे अजून पटलेलं नाही, आणि त्यांच्या विरोधातला एक भाग खरा आहे: कागद चौकटीत घालून भिंतीला टांगला आणि खाली टोप तसेच खरकटे, तर त्या क्रमांकाला काही अर्थ नाही. कागदाने टोप घासले जात नाहीत. कुणीतरी बांधील आहे, एवढंच तो सांगतो.

तुमच्या गावचा सप्ता जवळ आला असेल तर विहिरीचं पाणी आधी तपासून घ्या. सुट्टी भगर आणू नका. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत पानात पडेल असा पंगतींचा हिशेब बांधा. आणि अर्जावर अशाच माणसाचं नाव लिहा, जो शेवटची पंगत उठेपर्यंत तिथून हलणार नाही.