पाठकोरे कागद

"आज्जी, पाठकोरे कागद आहेत का गं? बरेच लागतील," असं नातीनं विचारलं, तेव्हा मी फार विचार न करता कपाटाच्या वरच्या फळीवरची निळी फाइल काढून तिच्या हातात ठेवली. फाइलीत एका बाजूनं लिहिलेले दीडेकशे फुलस्केप होते. लिहिलेली बाजू माझी. 1998 साली मी अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'वर मराठीत सोपी टीका लिहायला घेतली होती. घेतली म्हणजे, प्रकरणांची यादी केली, कुठे कोणता दाखला द्यायचा ते टिपलं, आठल्ये-बोडसांच्या आवृत्तीतल्या टिपा उतरवून काढल्या. टीकेचं पहिलं वाक्य मात्र अजून लिहायचं आहे.

आमचं घर छावणीत, गुरुवारच्या बाजाराच्या मैदानापासून दोन गल्ल्या आत. नातीला कॉलेजात शेवटच्या सत्राचा प्रकल्प होता, पाच जणांनी मिळून एका गाण्याचा व्हिडिओ करायचा. गाणंही त्यांचंच, गटातल्या फुलंब्रीकडच्या पोरानं लिहिलेलं आणि गायलेलं. गाण्यातला माणूस बैल विकायला छावणीच्या बाजाराला येतो आणि दिवस कलल्यावर रिकामं दावं खांद्यावर टाकून घरी निघतो. लांबी 3 मिनिटं 40 सेकंद.

मला वाटलं होतं, कॅमेरा घेतील आणि जातील. तीन आठवडे त्यांनी कॅमेरा हातातसुद्धा धरला नाही. माझ्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून नुसतं लिहीत होती. आधी गाणं पक्कं ध्वनिमुद्रित झालं, कारण चित्रीकरणाच्या वेळी तेच वाजणार आणि त्यावरच ओठ हलणार; नंतर त्यात फेरफार करता येत नाही. मग मोजणी. मिनिटाला 72 ठोके, म्हणजे सगळ्या गाण्यात 264. कोणत्या ठोक्यापासून कोणत्या ठोक्यापर्यंत काय दिसणार, याच्या चौकटी माझ्या कागदांच्या पाठीवर उमटू लागल्या. चौकटीत काडीची माणसं, खाली सेकंद, कॅमेरा कुठे, हातात काय. त्यानंतर याद्या. त्या दिवसांत त्या खोलीत सगळ्यात जास्त ऐकू आलेला शब्द 'नाही' हा होता. ट्रायपॉड नाही. परवानगी नाही. जिंबल आहे, पण त्याची बॅटरी टिकत नाही. मळकं धोतर नाही, आहे ते फारच पांढरं आहे.

स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता मी हसले. सव्वीस वर्षं मी हेच तर शिकवत होते.

वैशेषिकांच्या सात पदार्थांतला शेवटचा अभाव. 'नसणं' हीही जगातली एक मोजण्याजोगी गोष्ट आहे, असं ही मंडळी धरतात. मात्र नुसतं 'नाही' त्यांना चालत नाही. काय नाही, ते सांगा. तो त्या अभावाचा प्रतियोगी. कुठे नाही, तेही सांगा. ते त्याचं अधिकरण. 'जमिनीवर घडा नाही' हे वाक्य वर्गात इतक्या वेळा म्हटलं जाई की पोरं मला घडाबाई म्हणत. आणि इथे माझी नात त्याच शिस्तीनं सगळ्यांना दटावत होती, "सामान नाही असं मोघम लिहू नकोस. कोणतं नाही, कोणत्या शॉटला नाही, ते लिही." तीन आठवड्यांत त्यांच्याकडे नवी वस्तू फारशी आली नव्हती. त्यांचं 'नाही' तेवढं नेमकं झालं होतं. पहिल्या दिवशीचं 'आपल्याकडे काहीच नाही' हे रडगाणं होतं, शेवटच्या दिवशी त्याची एकतीस ओळींची यादी झाली होती. रडगाण्याचं काही करता येत नाही. यादी घेऊन गुलमंडीच्या बाजारात जाता येतं.

कॅमेरा सांभाळणारा पोरगा या कागदांना कंटाळला होता. "पूरी फिल्म मेरे दिमाग में है, आज्जी. बस निकालनी है," तो मला म्हणाला. मी म्हटलं, बाळा, तू सांख्य आहेस. सांख्यांचं म्हणणं तेच. कार्य कारणात आधीपासून असतंच; तिळात तेल असतं म्हणून ते निघतं, वाळूतून निघत नाही. या मताचा सगळ्यात भक्कम साक्षीदार आमच्या घरापासून तीसेक किलोमीटरवर उभा आहे. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलेलं आहे. एकही दगड बाहेरून आणून रचलेला नाही, नको तेवढा काढून टाकला आणि देऊळ उरलं. देऊळ डोंगरात होतंच, फक्त मोकळं केलं, असं तिथे उभं राहिल्यावर कुणालाही वाटतं.

पण बडोद्याला सापडलेला राष्ट्रकूट कर्कराजाचा एक ताम्रपट आहे, इ.स. 812च्या सुमाराचा. त्यात म्हटलं आहे की हे देऊळ पुरं झाल्यावर ते करणारा शिल्पीच थक्क झाला, आपल्या हातून हे कसं झालं ते त्याला उमगेना, आणि पुन्हा असं करण्याची उमेद त्याला राहिली नाही. मला हा ताम्रपट फार आवडतो. आधीच डोक्यात असलेलं देऊळ बाहेर काढलं असतं, तर त्याला आश्चर्य कसलं वाटलं?

दादासाहेब फाळक्यांचं उदाहरणही मी पोरांना सांगितलं. 1913च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा उभा करायचा होता आणि सिनेमा म्हणजे काय हे पैसेवाल्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून फाळक्यांनी 1912 साली वाटाण्याचा दाणा पेरलेली कुंडी कॅमेऱ्यासमोर ठेवली आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चौकट टिपली. 'अंकुराची वाढ' तयार झाली. पडद्यावर बघता बघता दाण्याचं रोप होताना दिसलं. रोप दाण्यात होतं, असं सांख्य म्हणतील. असू दे. ते पडद्यावरचं चित्र दाण्यात नव्हतं. ते त्या महिन्यात एकेका चौकटीनं नव्यानं झालं.

"डोक्यात आख्खी आहे ना? मग एकशे दहाव्या सेकंदाला दावं कोणत्या खांद्यावर आहे, सांग," नातीनं कॅमेरावाल्याला विचारलं. त्याला सांगता आलं नाही. नैयायिक जिंकले.

न्यायमताप्रमाणे कार्य होण्यापूर्वी ते कुठेच नसतं. असतो त्याचा प्रागभाव. या प्रागभावाला सुरुवात नाही, पण शेवट आहे. वस्तू झाली की तो संपतो. आणि नव्या कार्याच्या साधारण कारणांच्या यादीत नैयायिक त्याला मानानं बसवतात. ईश्वर, त्याचं ज्ञान, इच्छा, कृती, काल, दिक्, अदृष्ट, आणि या आठांत आठवा प्रागभाव. काही जण प्रतिबंधकाभाव, म्हणजे अडथळा नसणं, हे नववं कारण धरतात. वर्गात इथे दरवर्षी कुणीतरी हसायचं. नसणं कारण कसं असेल, बाई? मी ठरलेलं उत्तर द्यायची की झालेला घडा पुन्हा करता येत नाही, म्हणून. आता विचारलं असतं, तर मी सतरंजीवरचे कागद दाखवले असते. तिथे दिक् होती, बाजाराचं मैदान, वायव्य कोपरा. काल होता, शुक्रवारी पहाटे साडेपाच. प्रतिबंधकाभाव तर चक्क शिक्क्यासहित होता. सरकारी भाषेत त्याला ना-हरकत प्रमाणपत्र म्हणतात. लष्करी हद्द जवळ, फोटो काढण्यास मनाई असे फलक पावलोपावली, म्हणून ड्रोनचा विचार त्यांनी पहिल्याच दिवशी सोडला होता. तरी त्या एका कागदासाठी पोरांनी एका कार्यालयाच्या चार खेपा घातल्या.

आणि शुक्रवार का? बाजार तर गुरुवारी भरतो.

त्याचं कारण बैल. पहिल्या आराखड्यात बैल होता, गोंडे, घुंगुरमाळ, सगळं होतं. मग त्यांच्या सरांनी सांगितलं की चित्रीकरणात जनावर वापरायचं तर 2001च्या नियमांप्रमाणे नोंदणी आणि प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. एवढा वेळ नव्हता. खोलीत सुतक पडलं. बैलाच्या गाण्यात बैल नाही!

तेव्हा फुलंब्रीचा पोरगा बोलला. तो एरवी गप्प असतो. "विकताना आमच्यात दावं देत नसतेत. बैल जातो, दावं घरी येतं. बाबानं ते खुंटीला लावलं तव्हा आई काहीच बोलली नाही. गाणं त्याचंच हाय. बैलाचं नाही."

मग प्रश्न उरला, नसलेला बैल दाखवायचा कसा? हा प्रश्न हजार-दीड हजार वर्षं जुना आहे. नैयायिक म्हणतात, अभाव डोळ्यांनाच दिसतो. भाट्ट मीमांसक म्हणतात, त्याला अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण लागतं. भांडण मोठं आहे, पण एका अटीवर दोघांचं जमतं. वस्तू तिथे असती तर दिसली असती, अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून 'घडा नाही' असं म्हणता येत नाही. उजेड हवा, आणि घडा शोधणारा हवा. माझ्या घरातल्या खुंटीवर दावं टांगलं, तर दोरी दिसेल. त्या पोराच्या आईला बैल नसलेला दिसतो.

हे मी चहा देताना बोलून गेले आणि नातीनं पेन्सिल उचलली. बघणाऱ्याला आधी बैलाची वाट बघायला लावली पाहिजे. म्हणून सुरुवातीची अठरा सेकंदं गुरुवारच्या बाजाराचा नुसता आवाज, घंटा, हाका, दलालांची गडबड. चित्रात मात्र शुक्रवारचं पहाटेचं मैदान. शेण, विखुरलेला कडबा, खुट्यांची भोकं. एका चौकटीत उपरण्याखाली दोन हात, भाव ठरवणारी बोटं. मग दावं.

बैल मेलेला नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी गव्हाणीत तो वैरण खात असेल. त्याचं नसणं या एका दाव्यापुरतं आहे, आणि म्हणूनच ते गाण्यात मावतं.

आता माझी अडचण सांगते. प्रागभाव आणि अत्यंताभाव यांत फरक काय? वाऱ्याला रंग नाही, तो कधी नव्हता आणि कधी नसेल, हा अत्यंताभाव. व्हिडिओ नाही, पण होणार आहे, हा प्रागभाव. पुस्तकात हे स्वच्छ आहे. पण गुरुवारी रात्री, सगळ्या याद्या पुऱ्या झाल्यावर, यातला कोणता अभाव आपल्या समोर आहे, हे कशावरून ओळखायचं? दोन्ही दिसायला सारखेच. व्हिडिओ झाला, तरच कळणार की ते 'आधीचं नसणं' होतं. नाही झाला, तर त्याला 'आधीचं' म्हणण्याचा हक्कच राहत नाही. म्हणजे नियोजन करणारा माणूस ज्या भरवशावर राबतो, त्याचा पुरावा काम झाल्यावरच मिळतो. माझ्या लेखी श्रद्धा म्हणजे हेच. देव्हाऱ्यापुढे बसून ती मला इतकी साफ कधी दिसली नव्हती.

त्या रात्री कॉल शीट वाचली जात होती. कॅमेरावाला म्हणाला, "साडेपाचला पोचतो, इन्शाअल्लाह."

नात वैतागली. "इन्शाअल्लाह नको, पक्कं सांग."

"पक्कं आहे म्हणूनच म्हणतोय," तो म्हणाला. "पक्कं नसतं तर 'बघतो' म्हटलं असतं."

मी गुपचूप त्याच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली. त्या पोरानं माझा घोळ एका वाक्यात सोडवला होता. आपल्या बाजूचं सगळं नेमकं करायचं, घड्याळ लावायचं, बॅटऱ्या भरायच्या, आणि तरीही उद्यावर मालकी सांगायची नाही. कॉल शीटवर शेवटची ओळ होती, 'साडेबाराच्या आत पॅकअप, जुम्मा'. खर्चाच्या यादीत पहिली ओळ होती, 'नारळ 1'. साधारण कारणांच्या यादीत ईश्वर पहिला आहे आणि तरी बाकीची सात कारणं गाळलेली नाहीत, याचा अर्थ मला कॉलेजातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाल्यावर त्या नारळाच्या ओळीत लागला.

पोरं गेल्यावर मी सतरंजी झटकली. एक कागद मागे राहिला होता, तेविसावी चौकट, खांद्यावर दावं टाकलेला काडीचा माणूस. उलटून पाहिलं. माझ्या अक्षरात वर लिहिलं होतं, 'अभावप्रकरण', आणि खाली प्रागभावाच्या दाखल्यासाठी सोडलेली मोकळी जागा. एकाच कागदाच्या दोन बाजूंना दोन नसलेल्या गोष्टी. त्यांच्या बाजूला तारीख होती, वेळ होती, कोण कुठे उभं राहणार ते होतं. माझ्या बाजूला अठ्ठावीस वर्षं जपलेली तयारी होती. तारीख नव्हती. काल हे कारण मी जन्मभर शिकवलं आणि माझ्या यादीतून तेवढंच गाळलं.

माझी टीका हा प्रागभाव की अत्यंताभाव, मला ठाऊक नाही. एकाहत्तराव्या वर्षी खात्रीनं सांगणं बरंही नव्हे. कॉल शीटवर माझंही नाव होतं, 'आज्जी, पाच वाजता, चहा 8 कप'. मी साडेचारचा गजर लावला. मग पेन शोधलं आणि त्या मोकळ्या जागेत, दाखल्याच्या आधी, शुक्रवारची तारीख घातली.