बंदूक, भीती आणि विवेक

धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्री गावाबाहेर, शेतातील वस्तीवर राहणारे एक श्रद्धावंत गृहस्थ रविवारच्या मिस्सानंतर आम्हांस भेटावयास आले. बराच वेळ पीकपाण्याचे बोलून झाल्यावर त्यांनी मनातला प्रश्न मांडला. "फादर, घरात बंदूक ठेवावी म्हणतो. दुनळी घ्यावी, की एकामागून एक काडतूस आपोआप भरणारी? वस्तीची राखण होईल आणि कधीमधी तित्तर-लावेही मारता येतील." वस्तीवर वृद्ध आई, पत्नी आणि दोन लहान मुली. शेजारचे घर हाकेच्या टप्प्यात नाही. आसपास चोऱ्या झाल्याच्या वार्तेने त्यांची झोप उडाली होती.

प्रश्न बंदुकीच्या जातीचा होता; परंतु आम्हांस तो विवेकाचा वाटला. अशा भीतीला हसून वाटेस लावणे सोपे असते. तसे करण्याचा अधिकार आम्हांस नाही, कारण आमच्या निवासाभोवती भिंत आहे व शेजारी माणसे आहेत.

स्वसंरक्षण हे पाप नव्हे. खासगी माणसाने स्वतःचा जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याचा जीव घ्यावा, हे संत ऑगस्टिन यांस मान्य नव्हते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार पुढे नेला. एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, स्वतःचा बचाव आणि हल्लेखोराचा मृत्यू. हेतू पहिल्याचा असावा आणि बळ गरजेपुरतेच वापरावे, असा त्यांचा आशय आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानेही हीच शिकवण स्वीकारली. ज्याच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे, त्याच्यासाठी संरक्षण हे गंभीर कर्तव्य ठरू शकते, असेही तो ग्रंथ सांगतो. आपल्या देशाचा कायदा याहून वेगळा नाही. १८६० ची दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा, ही मर्यादा कायम आहे.

पाखरांची गोष्ट मात्र निराळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीला वाव उरलेला नाही. कायदा बाजूला ठेवला तरी धर्म बोलतोच. पक्षिणी पिलांवर बसलेली आढळल्यास तिला सोडून द्यावे, अशी आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. भुकेल्या माणसालाही तेथे मर्यादा घातली आहे. मग केवळ मौजेची काय कथा! शिवाय एकाच शस्त्राकडून राखण आणि करमणूक या दोन्ही अपेक्षा ठेवल्या, की हात सरावतो आणि मन हलके होते. कर्तव्याचे साधन खेळणे बनू नये.

आता त्या आपोआप भरणाऱ्या बंदुकीविषयी. हिला अर्ध-स्वयंचलित म्हणतात. एक बार उडाला की त्याच्याच धक्क्याने किंवा वायूच्या दाबाने रिकामे काडतूस बाहेर पडते व दुसरे नळीत येऊन बसते. पुन्हा चाप ओढणे तेवढे उरते. साध्या एकनळी-दुनळीचा परवाना जिल्हाधिकारी देतात. अर्ध-स्वयंचलित बंदूक मात्र २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार निर्बंधित वर्गात मोडते. राज्यसंस्थेला वाटणारी ही सावधगिरी आम्हांस अर्थपूर्ण वाटते. ह्या बंदुकीचा गुण म्हणजे वेग. एका बारानंतर दुसऱ्यापूर्वी जो अवकाश मिळतो, तोच ती कमी करते. आणि समोर कोण आहे हे ओळखण्याचा, आपली चूक उमगण्याचा, हात आवरण्याचा अवकाश तोच असतो.

आमच्या भागात रात्री शिवारातून कोण चालते? शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते; म्हणून शेतकरी विजेरी घेऊन मोटार सुरू करावयास निघतो. कुणी पाण्याच्या पाळीवर असतो. हंगामात ऊसतोड कामगारांची बैलगाडी पहाटेच्या अंधारात निघते. चोर क्वचित येतो. शेजारी रोज येतो. भेदरलेल्या डोळ्यांना दोघांची सावली सारखीच दिसते.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात रात्री घर फोडणाऱ्या चोराचा नियम आहे. अंधारात त्याला मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही. सूर्य उगवल्यावर मारल्यास दोष आहे. चोर तोच, घर तेच, फरक प्रकाशाचा. जेथे पाहता येते, तेथे पाहण्याचे उत्तरदायित्वही येते, असा बोध आम्ही त्यातून घेतो. आज एका दिव्याच्या कळीने आपण रात्रीचा दिवस करू शकतो. मग अंधाराची सबब कितपत टिकेल?

"पण फादर, पाहता पाहता उशीर झाला तर?" त्यांनी विचारले. ह्या प्रश्नाला आमच्यापाशी पूर्ण उत्तर नाही. उशीर घातक ठरू शकतो, हे आम्ही मान्य केले. पण घरात मुली आहेत. बंदूक कुलपात आणि काडतुसे वेगळी ठेवावी लागतील, म्हणजे ती घाईच्या क्षणी हाताशी नसेल. उघडी ठेवली तर मुलांचे कुतूहल, भांडणातला संताप, एखाद्या नापिकीच्या वर्षातली निराशा, यांच्याही हाताशी ती असेल. घरात शिरलेले शस्त्र कोणत्या दिवसाची वाट पाहते, हे घरधन्याला ठाऊक नसते.

पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या कंठावरचा पिवळा डाग पाहून ते थबकले. ती कोणती, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. पुढेही अभ्यासासाठी त्यांनी पक्षी टिपले. त्यांना आम्ही साधू ठरवीत नाही. तथापि, पाडलेल्या जीवाकडे ते थांबून पाहू शकले, हे महत्त्वाचे. जमिनीवर पडणारी चिमणीही पित्याच्या नजरेआड नसते, असे प्रभू येशूने सांगितले आहे. मग रात्री बांधावर उभा असलेला माणूस त्याच्या नजरेआड कसा असेल?

त्या गृहस्थांस आम्ही बंदूक घ्या किंवा घेऊ नका, असे सांगितले नाही. आधी वस्तीच्या चारही कोपऱ्यांवर दिवे लावा, कुत्रे पाळा, दाराला भक्कम अडसर करा, शेजारच्या वस्त्यांशी रात्रीच्या हाकेचा संकेत ठरवा, असे सुचविले. त्याउपरही शस्त्र घ्यावेसे वाटले, तर ते पाखरांसाठी नसावे, आणि दुसऱ्या बारापूर्वी थांबावयास भाग पाडील असे असावे. ते काही न बोलता उठले. त्यांची भीती आम्ही दूर करू शकलो नाही. तिच्या हाती निर्णय जाऊ नये, एवढीच आमची प्रार्थना आहे.