मालक न आल्यामुळे सुटलेली माणसं

1820 च्या जूनमध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन सरकारच्या ‘डॅलस’ या गस्ती जहाजानं ‘अँटिलोप’ नावाचं जहाज पकडलं. त्यात सुमारे 280 आफ्रिकी माणसं कोंबलेली होती, आणि त्यांत मुलंच फार होती. बाहेरून गुलाम आणायला अमेरिकेत 1 जानेवारी 1808 पासून बंदी होती. 1819 च्या कायद्यानं तर अशा आफ्रिकींना परत पाठवण्याची जबाबदारीच सरकारवर टाकली होती. तरीही खटला सात वर्षं रेंगाळला. जहाज मुळात स्पॅनिश. ते लुटारूंनी पळवलेलं. आणि त्यावरची माणसं स्पॅनिश, पोर्तुगीज आणि एका अमेरिकन जहाजावरून हिसकावून एकत्र केलेली. सॅव्हाना इथल्या न्यायालयात स्पेन आणि पोर्तुगालच्या प्रतिनिधींनी त्यांच्यावर मालमत्ता म्हणून हक्क सांगितला.

अमेरिकन जहाजावरून आलेली माणसं मोकळी करायची, हे ठरलं. पण ती कोणती, हे कोण सांगणार? न्यायालयानं चिठ्ठ्या टाकल्या. सोळा जणांच्या नशिबी स्वातंत्र्य आलं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. 1825 साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकालपत्रात मान्य केलं की गुलामांचा व्यापार निसर्गाच्या नियमाविरुद्ध आहे, कारण आपल्या श्रमाच्या फळावर प्रत्येकाचा स्वाभाविक हक्क असतो. आणि लगेच पुढे त्यांनी म्हटलं की राष्ट्राराष्ट्रांनी हा व्यापार इतका काळ चालवला आहे की न्यायाधीशाला तो आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध म्हणता येत नाही. चिठ्ठ्यांची पद्धत त्यांनी नाकारली आणि दावेदारांकडे पुरावा मागितला. पोर्तुगीज दाव्यामागे खरा मालक कधी पुढे आलाच नाही, म्हणून ती माणसं सुटली. 1827 मध्ये सुमारे 120 जण लायबेरियाला रवाना झाले. चाळीसच्या आसपास माणसं स्पॅनिश मालमत्ता ठरली आणि फ्लोरिडात गुलाम म्हणून गेली. बाकीचे बहुतेक त्या सात वर्षांत मेले. सुटलेल्यांचं माणूसपण सिद्ध झालं म्हणून ते सुटले नाहीत. त्यांच्यावर मालकी सिद्ध झाली नाही, एवढंच.

दास कशानं सुटतो, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रासमोर ठेवला तर? त्याचं उत्तर शोधायला रत्नागिरी जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. चिपळूणजवळच्या परशुराम-पेढे परिसरात जन्मलेल्या आणि दापोलीत शिकलेल्या पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला. 1941 साली निघालेल्या दुसऱ्या खंडात अस्पृश्यतेच्या प्रकरणाला लागूनच दास्यावरचं प्रकरण आहे. हा शेजार वाचकानं लक्षात ठेवावा असा आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीत एक नियम सापडतो: बळजबरीनं दास केलेला आणि चोरांनी विकलेला माणूस सोडून द्यावा. ‘अँटिलोप’ला हा नियम लावला असता तर चिठ्ठ्या लागल्या नसत्या, पुरावे लागले नसते; जहाजावरचा प्रत्येक जण बळजबरीनं धरलेला आणि लुटारूंनी नेलेलाच होता. नारदस्मृतीनं दासांचे पंधरा प्रकार सांगितले, पण सुटकेचा विधीही सांगितला. मालकानं दासाच्या खांद्यावरचा पाण्याचा घडा घेऊन फोडावा, अक्षता-फुलं घातलेलं पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडावं आणि तो आता दास नाही असं तीनदा जाहीर करावं. मालकाचा जीव वाचवणाऱ्या दासाला मुलाइतका वाटा द्यावा, असंही तिथे आहे.

इथे थांबून आपली पाठ थोपटून घ्यावीशी वाटते. थांबता येत नाही. याज्ञवल्क्य पुढच्याच श्लोकात म्हणतो की दास्य वर्णांच्या उतरत्या क्रमानंच असावं, उलट कधीच नाही. मनू त्याच्याही पुढे जातो: मालकानं सोडलं तरी शूद्र दास्यातून सुटत नाही, कारण ते त्याच्या निसर्गातच आहे. मार्शल यांना निसर्गानं माणूस मोकळा दिसत होता आणि कायदा त्याला बांधत होता. मनूला निसर्गच बांधलेला दिसला; मग मालकानं दिलेली सुटकाही तिथे व्यर्थ ठरते. दोघांत मनूचा सिद्धान्त अधिक भयंकर आहे. कायदा बदलता येतो; जन्माला चिकटवलेला निसर्ग बदलायची सोयच त्यानं ठेवली नाही.

अमेरिकेतलं दास्य आणि इथलं दास्य एकाच नजरेनं पाहण्याचं धाडस मराठीत जोतीराव फुल्यांनी केलं. 1873 सालचं ‘गुलामगिरी’ त्यांनी, निग्रोंना दास्यातून सोडवण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशा त्या अर्पणपत्रिकेत आहे. मनूच्या ‘निसर्गा’ला ते सरळ उत्तर होतं.

राज्यकर्त्यांची बहुतेक उत्तरं तोकडी पडली, पण काही उजळही होती. 1677 मध्ये दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या डचांना दिलेल्या कौलात दास-दासी विकत घेण्यास आणि बाहेर नेण्यास साफ मनाई केली. त्यात मालकीचा वाद नव्हता; कृत्यच बंद केलं होतं. पण पुढच्या शतकात पेशवाईत कुणबिणी आणि बटकी म्हणवल्या जाणाऱ्या दासी विकत घेतल्या जात होत्या. कंपनी सरकारचा 1843 चा पाचवा कायदा मुख्यतः एवढंच म्हणाला की दासावरचा मालकीहक्क न्यायालय ओळखणार नाही. गुलाम बाळगणं किंवा विकणं हा गुन्हा ठरला तो भारतीय दंडसंहितेनं, 1862 पासून.

मनुस्मृतीचं दहन 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला झालं. ते करणाऱ्या डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यातलंच, आणि लहानपणी त्यांचं कुटुंब काही काळ दापोलीत होतं. ते ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिनं घडवलेल्या राज्यघटनेतल्या 23 व्या अनुच्छेदानं माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्ही निषिद्ध केले. ही मनाई फक्त सरकारवर नाही, खासगी मालकावरही आहे.

नारदाच्या यादीत कर्जापायी झालेला दास आहे. व्याजासकट कर्ज फेडलं की तो सुटतो. कोकणातली अनेक कातकरी कुटुंबं आजही पावसाळा संपला की उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. हिशोब मालकाच्या वहीत असतो, आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं नारदाचा नियम उलटा केला: आधी माणूस मुक्त, आणि त्याला बांधणारं कर्जही त्याच क्षणी रद्द. सुटका करायला गेलेल्या अधिकाऱ्यानं उचल किती बाकी आहे हे विचारायचंच नाही.