रुग्णाचा होकार, रुग्णाचा नकार



काही आजारांविषयी आपण मोकळेपणाने बोलतो. साखर वाढली, बीपी वाढले, गुडघे धरले, हे आपण मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणातही एकमेकांना सांगतो. काही आजार मात्र माणूस घरच्यांपासूनही लपवतो. गुदमार्गाचा, म्हणजे शौचाच्या जागेचा कर्करोग हा त्यांपैकी एक. रक्त पडते, दुखते, गाठ हाताला लागते; माणूस म्हणतो, मूळव्याध असेल. रस्त्याकडेची 'मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज' ही पाटी वाचून तो तिकडे जातो आणि मोलाचे महिने निघून जातात.

हा कर्करोग दुर्मीळ आहे, पण वेळेवर कळला तर बहुतेकदा बरा होऊ शकतो. तो बरा कसा करायचा हे डॉक्टरांना कळले ते रुग्णांवर केलेल्या चाचण्यांमधून. म्हणून आज एका प्रश्नाचा विचार करू या. आधीच घाबरलेल्या, लाजेने खाली मान घातलेल्या अशा रुग्णाला डॉक्टरांनी विचारले, "आमच्याकडे एक चाचणी चालू आहे, तुम्ही भाग घ्याल का?" तर त्याला असे विचारणे योग्य आहे का? आणि त्याने काय उत्तर द्यावे?

चाचणी म्हणजे काय, हे आधी पाहू. दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे डॉक्टरांना खरोखरच ठाऊक नसते, तेव्हा काही रुग्णांना एक आणि काहींना दुसरा उपचार देतात. कोणाला कोणता, हे बहुधा चिठ्ठी टाकल्यासारखे संगणक ठरवतो. मग दोन्ही गटांची तुलना होते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चाचणीचा पहिला हेतू उत्तर शोधणे हा असतो. भाग घेणाऱ्याला फायदा होईलच असे नाही; तो पुढच्या रुग्णाला होऊ शकतो. एका माणसाचे शरीर दुसऱ्याच्या उपयोगी पडावे म्हणून वापरायचे, ही गोष्ट नैतिकदृष्ट्या साधी नाही.

या कर्करोगाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९७० पूर्वीच्या काळात यावर मुख्य उपाय म्हणजे मोठी शस्त्रक्रिया. गुदमार्ग काढून टाकायचा आणि पोटावर कायमची पिशवी लावायची. मोटारींच्या कारखान्यांमुळे आपल्या पट्ट्याची तुलना अमेरिकेतील ज्या डेट्रॉइट शहराशी केली जाते, त्या शहरात डॉ. नॉर्मन निग्रो हे शल्यचिकित्सक होते. शस्त्रक्रियेपूर्वी गाठ लहान व्हावी म्हणून त्यांनी तीन रुग्णांना किरणोपचार आणि औषधे एकत्र दिली. दोघांची नंतर शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या भागात कर्करोग उरलेलाच नव्हता. तिसऱ्या रुग्णाने शस्त्रक्रियेला नकार दिला, आणि तोही ठीक राहिला. १९७४ साली निग्रो यांनी हे प्रसिद्ध केले. ज्या शस्त्रक्रियेची तयारी चालली होती तिची अनेकांना गरजच पडणार नाही, ही शक्यता त्यातून पुढे आली. आज जगभर या रोगावरचा पहिला उपचार शस्त्रक्रिया हा नसून किरणोपचार आणि औषधे हा आहे.

त्या तिसऱ्या रुग्णाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. नकार दिला म्हणून तो बरा झाला असे मुळीच नाही. उपचार आधीच लागू पडला होता. प्रत्येक नकार शहाणपणाचा असतो असेही नाही. पण त्याचा नकार डॉक्टरांनी मानला, त्याला हाकलून दिले नाही, त्याची तपासणी करत राहिले. म्हणूनच त्याच्या नकारातूनही वैद्यकशास्त्र शिकले.

पण तीन रुग्णांवरून सगळ्या जगाचा उपचार ठरवता येत नाही. त्यासाठी अनेकांचा होकार लागला. ब्रिटनमधील एका चाचणीत ५८५ रुग्णांनी भाग घेतला. निम्म्यांना फक्त किरणोपचार मिळाले, निम्म्यांना किरणोपचार आणि औषधे. १९९६ साली निष्कर्ष आला. फक्त किरणोपचार घेतलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्णांमध्ये त्या जागी रोग आटोक्यात आला नाही किंवा उलटला. दोन्ही उपचार घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३६ टक्के होते. पुढे ९४० रुग्णांची आणखी एक चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१३ साली आला : औषध बदलून किंवा नंतर जादा औषधे देऊन अधिक फायदा होत नाही. 'फायदा नाही' हे उत्तरही मोठे आहे. त्यामुळे पुढच्या रुग्णांचा निष्कारण त्रास वाचला.

त्या पहिल्या चाचणीत ज्यांच्या वाट्याला कमी गुणाचा उपचार आला, त्यांचे काय? तो कमी गुणाचा आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते कळले त्यांच्यामुळेच. आज आपल्यापैकी कोणाला हा आजार झाला, तर त्याला मिळणारा उपचार या अनोळखी माणसांचे देणे आहे.

सर्वच देणी मात्र अशी विचारून घेतलेली नाहीत. आपल्या पिंपरीतील एचए कंपनी, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली स्थापन झाली. पेनिसिलिनपाठोपाठ तिथे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागले. त्या स्ट्रेप्टोमायसिनने क्षयरोग हटतो हे सिद्ध करणारी ब्रिटनमधील चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. औषध तेव्हा अपुरे होते. काही रुग्णांना ते दिले, काहींना फक्त अंथरुणात विश्रांती. ज्यांना औषध मिळाले नाही, त्यांना आपण अशा चाचणीत आहोत हे सांगितलेही नव्हते. फळ चांगले निघाले. तरीही त्या माणसांना सांगायला हवे होते, असेच आज आपण म्हणू.

याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली डॉक्टरांसमोर बोलताना सांगितले होते की, विज्ञानाची प्रगती किंवा समाजाचे हित ही कारणे कितीही मोठी असली तरी माणसाचा केवळ साधन म्हणून वापर करता येत नाही. आपला धर्मशिक्षणग्रंथही (परिच्छेद २२९२ ते २२९५) संशोधनाचे स्वागत करतो आणि त्याला मर्यादाही घालतो. धोका अवाजवी नसावा, आणि रुग्णाने समजून-उमजून संमती दिलेली असावी. नुसती सही असली म्हणून वाईट गोष्ट चांगली होत नाही, हेही तिथे सांगितले आहे.

आता आपल्याच परिसरातील एक माणूस डोळ्यांपुढे आणा. तो चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. खाडा झाला की पैसे कापले जातात. खोलीचे भाडे, मुलांची फी, गावाकडे आईला पाठवायची रक्कम, सगळे त्याच पगारात. या कर्करोगाचे किरणोपचार म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, सुमारे साडेपाच आठवडे. अशा वेळी कोणी म्हणाले, "चाचणीत आलात तर औषध मोफत," तर त्याचा होकार किती मोकळा म्हणायचा?

काही जण म्हणतील, गरिबाला विचारूच नये. मला हे पटत नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेला प्रभू येशूने थांबवले नाही. तिचे दान त्याने सर्वांत मोठे मानले. गरिबालाही दुसऱ्यासाठी काही देण्याचा अधिकार आहे. पण दान आणि नाइलाज यांत फरक आहे, आणि तो ओळखण्याची खूण सोपी आहे : त्याला दुसरे दार उघडे आहे का? महात्मा फुले जनआरोग्य योजना, ईएसआय, मुंबईच्या टाटा रुग्णालयातील सवलती, यांपैकी कशातून चाचणीविनाही उपचार होणार असतील, तर त्याचा होकार हे दान आहे. चाचणी हेच एकमेव दार असेल, तर तो होकार परिस्थितीने त्याच्याकडून काढून घेतलेला आहे. हे दुसरे दार दाखवणे हे आपले काम आहे.

दुसरी अडचण आपल्या घरांतलीच आहे. आजार मोठा निघाला की मुलगा किंवा भाऊ डॉक्टरांना हळूच सांगतो, "त्यांना कळू देऊ नका, खचतील ते." हे प्रेमापोटीच होते. पण ज्याला आपला आजारच ठाऊक नाही, तो कशाला संमती देणार? मग फॉर्मवर सही दुसऱ्याच्या मनाने होते.

आणि दुसऱ्याने दिलेल्या संमतीचे काय होते, ते आपल्या देशाने पाहिले आहे. गुदमार्गाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. गर्भाशयमुखाचा कर्करोगही त्याच विषाणूमुळे होतो. या विषाणूवरील लस २००९ साली आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत एका प्रकल्पाखाली हजारो मुलींना दिली गेली. त्या काळात काही मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण दुसरी गोष्ट उघड झाली. अनेक संमतिपत्रांवर आईवडिलांच्या नव्हे, तर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने काम थांबवले. त्याबरोबर पुणे आणि बार्शी ही केंद्रे असलेली एक वेगळी चाचणीही थांबली. तिच्यात लसीच्या दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहायचे होते. ती अर्ध्यावर थांबल्याने सुमारे ५,००० मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही, वर्षानुवर्षे तपासले. २०२१ साली दिसून आले की एक मात्राही जवळजवळ तितकेच संरक्षण देते. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. गरीब देशांतील असंख्य मुलींना त्याचा लाभ होणार आहे. म्हणजे एका प्रकल्पातील निष्काळजीपणामुळे दुसरी चाचणी मोडली, आणि मुलींची काळजी घेत राहिल्यामुळे त्या मोडलेल्या चाचणीतूनही ज्ञान निघाले.

आज कायदा रुग्णाच्या बाजूने पुष्कळ बोलतो. २०१९ च्या नियमांनुसार माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. कोणत्याही क्षणी बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिक समितीत डॉक्टरांबरोबर एक सामान्य नागरिक आणि एक कायदेतज्ज्ञही असावा लागतो. पण "डॉक्टरसाहेब म्हणतील ते" असे म्हणणाऱ्याला हे हक्क कोण सांगणार?

इथे आपल्या धर्मग्रामाचा संबंध येतो. कोणावर अशी वेळ आली तर त्याच्याबरोबर जा. फॉर्म घरी आणून सावकाश वाचा. चार प्रश्न विचारा : चाचणीत नसतो तर मला कोणता उपचार मिळाला असता? यात जादा धोका कोणता? मध्येच सोडले तर काय? इजा झाली तर खर्च कोणाचा? उत्तरे समजेपर्यंत सही करण्याची घाई नको. तसेच, काहीही न विचारता "आपण काय प्रयोगशाळेतले उंदीर आहोत का?" म्हणून त्याला घाबरवूही नका. दुर्मीळ आजारात एकेका रुग्णाच्या सहभागाला मोल असते.

आणि कुजबुज करू नका. एचपीव्ही हा अतिशय सर्रास आढळणारा विषाणू आहे. ज्यांना तो होतो त्यांपैकी बहुतेकांना कळतही नाही. हा कर्करोग म्हणजे कोणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. शुभवर्तमानातील ती स्त्री आठवा. १२ वर्षे रक्तस्राव, सारा पैसा वैद्यांवर संपलेला, आणि लाजेने ती गर्दीत मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला शिवते. प्रभूने तिला गुपचूप जाऊ दिले नाही. तिला बोलू दिले आणि सर्वांसमक्ष 'मुली' म्हणून हाक मारली.

तेव्हा रुग्णाने काय उत्तर द्यावे? ते त्याचे त्याने ठरवावे. सगळे समजून तो हो म्हणाला, तर त्याने अनोळखी माणसांसाठी फार मोठे काही दिले आहे, म्हणून त्याचा मान राखा. समजून नाही म्हणाला, तरी तितकाच मान राखा. दोन्ही उत्तरे त्याला मोकळेपणाने देता यावीत यासाठी त्याच्या शेजारी बसायला आपल्यापैकी कोणीतरी असले पाहिजे. तो दवाखान्यात निघेल त्या दिवशी पहिल्या पाळीला सुट्टी टाकून त्याच्याबरोबर जायची तयारी ठेवा.